जुनी मोटरबोट विकत घेताना काय बघायचं? अणदूर-नळदुर्ग ते उजनी, गोड्या पाण्यात पहिली बोट उतरवणाऱ्यांसाठी

अणदूर हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, तुळजापूर तालुक्यातलं गाव. खंडोबासाठी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. बोटीसाठी मात्र हा मुलूख कोणाला आठवणार नाही. तरीही इथून दहा-बारा किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला आहे. इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याच्या काळात बोरी नदीचं पाणी अडवून तिथे पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबा सुरू झाला की महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागतात. किल्ल्यातल्या पाण्यात लोक हौसेने बोटिंग करतात. त्याच पाण्याकडे बघून चार मित्र किंवा एखादा बचत गट म्हणतो, "आपणच एक मोटरबोट घेतली तर?" नवी परवडत नाही, म्हणून मग मोबाइलवर जुन्या बोटींच्या जाहिराती बघणं सुरू होतं.

जुनी बोट घेणं जुनी मोटारसायकल घेण्यासारखं नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर ढकलत आणता येते. पाण्याच्या मध्यात बोट बंद पडली आणि वारा सुटला, तर प्रश्न पैशांचा उरत नाही. या लेखात पहिली जुनी बोट निवडताना काय तपासायचं ते पाहू. समुद्रापासून लांब, धरण-तलावाच्या पाण्यात बोट वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलं आहे, कारण बोटीबद्दलची बहुतेक माहिती किनाऱ्यावरच्या लोकांसाठी असते आणि ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

बोटीआधी पाणी ठरवा

बहुतेक लोक आधी बोट बघतात, मग ती कुठे चालवायची याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे.

आपल्याकडची मोठी जलाशयं जलसंपदा विभागाची आहेत. छोटे पाझर तलाव आणि साठवण तलाव मृद व जलसंधारण विभाग, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या ताब्यात असतात. नळदुर्गचा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, तिथला कारभार पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतो. म्हणजे पाणी समोर दिसतं म्हणून त्यात इंजिन उतरवता येत नाही. ज्या तलावातून गावाला पिण्याचं पाणी जातं, तिथे पेट्रोल इंजिनाला परवानगी मिळणं अवघड असतं, आणि ते योग्यही आहे. त्याशिवाय मासेमारीचा ठेका कुठल्या तरी सहकारी संस्थेकडे असतो. त्यांची जाळी पाण्यात असतात. त्यांच्याशी आधी बोलला नाहीत, तर पहिल्याच आठवड्यात पंख्यात जाळं आणि काठावर भांडण, दोन्ही होणार. म्हणून संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये. तोंडी "काय नाय, चालवा" याला काडीची किंमत नाही. साहेब बदलला की ते वाक्यही बदलतं.

दुसरा प्रश्न पाणी किती महिने असतं हा. मराठवाड्यात तो टाळून चालत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे इथल्या प्रत्येकाला आठवतं. उजनीसारखं भीमेवरचं अवाढव्य धरणही याला अपवाद नाही. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणजे मृतसाठ्यातलंच पाणी वापरात होतं.

बोटवाल्यासाठी याचा अर्थ असा, की काठ सतत सरकत राहतो. दिवाळीत जिथे बोट उतरवली, तिथे मार्चमध्ये अर्धा किलोमीटर चिखल असतो. पाण्याखाली गेलेली झाडांची खोडं, विहिरींचे कठडे, जुन्या घरांच्या भिंती पृष्ठभागाजवळ येतात. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक ते बघायला जातात. मंदिर दिसतं तरी. त्याच्या आजूबाजूला हातभर पाण्याखाली काय काय आहे ते दिसत नाही. अशा पाण्यासाठी उथळ बुडणारी, हलकी आणि चार-सहा माणसांना ओढून काठावर आणता येईल अशी बोट हवी. जड, खोल बुडाची, केबिन असलेली बोट जाहिरातीत कितीही देखणी दिसली तरी इथे ती अडचणच ठरते.

कशासाठी हवी आहे?

"वॉटरस्पोर्ट्ससाठी" या उत्तराने काही ठरत नाही. कुटुंबाला तलावात फेरी मारायची, रबरी ट्यूब किंवा बनाना मागे ओढायची, की कोणाला पाण्यावर स्कीइंग करायचं आहे? ट्यूब ओढायला ताशी २५ ते ३० किलोमीटर वेग पुरतो. वेकबोर्डला थोडा जास्त, ३० ते ३५. प्रौढ माणसाला स्कीवर उभं करायला ४० ते ५० लागतो, आणि तो झटकन गाठावा लागतो, नाहीतर शिकणारा माणूस पाण्यात फरफटत राहतो. ट्यूबसाठी १५-१६ फुटी हलकी फायबर बोट आणि ४० हॉर्सपॉवरचं इंजिन भागवून नेतं. स्कीसाठी त्याच आकाराच्या बोटीला ६० ते ९० हॉर्सपॉवर धरा.

यात एक गोष्ट किनाऱ्यावरचा विक्रेता सांगत नाही, कारण त्याला तिचा अनुभवच नसतो. अणदूर-नळदुर्ग परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर चाळीसची ताकद देणारं इंजिन इथे सदतीस-अडतीसचं होतं, आणि एप्रिलच्या उन्हात आणखी थोडं मंदावतं. आकडा लहान वाटतो. पण बोट भरलेली असताना ती पाण्यावर उचलली जाते की नाही, हे नेमकं एवढ्याच फरकावर ठरतं. उपाय महागडा नाही. कमी पिचचा पंखा बसवला की बरंच काम होतं. मात्र तो खर्च आणि तशी शक्यता आधीच धरून ठेवावी.

पहिल्या बोटीसाठी माझं मत सरळ आहे: मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन असलेली, मोकळी फायबर बोट. आउटबोर्ड वर उचलता येतं, बिघडलं तर काढून टेम्पोत घालून सोलापूर किंवा पुण्याला नेता येतं, आणि फारच बिघडलं तर दुसरं लावता येतं. आत बसवलेल्या इंजिनाच्या बोटी ओढायला उत्तम, पण दुरुस्तीला इथे माणूस मिळत नाही. जेट स्कीचा मोह सगळ्यांना होतो. ती बुडाखालून पाणी आत ओढून मागे फेकते, त्यामुळे जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या, काठावरची वाळू आणि खडे सगळं आत जातं. उजनीच्या काही भागात जलपर्णी पसरते तेव्हा जेटवाल्यांचे हाल बघण्यासारखे असतात. शिवाय बाजारात येणारी जुनी जेट स्की बहुधा भाड्याने फिरवलेली असते. शंभर अनोळखी हातांनी पिळलेली गाडी आपण घेतो का?

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर वाद घालणारे खूप भेटतील. कोकणात मच्छीमारांकडे टू-स्ट्रोक भरपूर आहेत, सुटे भाग मिळतात, हलकी असतात, आणि मोटारसायकलचा जुना मिस्त्रीसुद्धा त्यांचं कार्बोरेटर खोलू शकतो. पण कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि ऑइलचा बराच भाग न जळताच पाण्यात जातो. समुद्रात ते कोणी बघत नाही, आपल्या तलावात मात्र पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो आणि तेच पाणी कोणाच्या तरी नळाला जातं. म्हणून धरणाच्या पाण्यासाठी फोर-स्ट्रोकच घ्यावं. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं असेल तर त्याच्या तपासणीला लॅपटॉपवाला तंत्रज्ञ लागतो. तो सर्वात जवळ कुठे आहे हे घेण्याआधी फोन करून विचारा.

जुन्या बोटी येतात कुठून

बहुतेक गोवा, मालवण-तारकर्ली, अलिबाग आणि मुंबईहून. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, गोव्यातही पावसाळ्यात बंदी असते. चार महिने बोट झाकून ठेवण्यापेक्षा ती विकून टाकावी असं मे महिन्यात अनेकांना वाटतं. भाव तेव्हा उतरतो. पण जूनमध्ये बघायला गेलात तर बोट झापांखाली उभी असते आणि "पाऊस आहे, पाण्यात उतरवता येणार नाही" असं सांगितलं जातं. पाण्यात न चालवता बोट घेऊ नका. एप्रिलच्या शेवटी जा, म्हणजे भावही जमतो आणि चाचणीही होते.

किनाऱ्यावरची बोट म्हणजे खारं पाणी प्यायलेली बोट. इंजिन दरवेळी गोड्या पाण्याने धुतलं होतं का, हा प्रश्न विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. इंजिनाच्या पायावर जस्ताचे बळीचे तुकडे बसवलेले असतात. धातू खाणारी झीज ते स्वतःवर घेतात. ते पूर्ण झिजून गेलेले असूनही बदललेले नसतील, तर मालकाने बाकी काय केलं असेल याचा अंदाज येतो. तुकड्यांवर रंगच मारलेला असेल तर त्याला ते कशासाठी आहेत हेही माहीत नव्हतं. आणि एक लक्षात ठेवा: खाऱ्या पाण्यातले जस्ताचे तुकडे गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. इथे आणल्यावर अॅल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे लावावे लागतात.

सांगाडा: डोळे, बोटं आणि प्लास्टिकचा हातोडा

फायबरची बोट बाहेरून चकाचक करणं सोपं आहे. बुडाला नुकताच रंग दिलेला असेल तर खूश होऊ नका, तो कशावर दिला ते विचारा.

बोट सावलीत, कोरडी असताना बघा. बुडाखाली आडवं झोपून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, म्हणजे उंचवटे आणि जुनी ठिगळं सावलीतून दिसतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे एका बिंदूपासून पसरलेले तडे असतील तर तिथे काहीतरी आपटलं आहे. मागच्या कोपऱ्यांत एकमेकांना समांतर तडे असतील, तर तो भाग वजनाखाली वाकतो आहे. हे जास्त वाईट. लहान लहान फोड दिसले तर फायबरच्या थरात पाणी शिरलेलं आहे. थोडे फोड चालून जातात, सगळं बूड फोडांनी भरलं असेल तर सोडून द्या.

सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून फायबर दिसतो, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजून भिजलेल्या बिस्किटासारखं होतं. शंभर किलोचं इंजिन अशा फळीला लटकवून वेगाने चालवणं म्हणजे काय होईल ते सांगायला नको. तपासायची रीत सोपी आहे. प्लास्टिकच्या हातोड्याने किंवा एखाद्या नाण्याने फळीवर सगळीकडे ठोका. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भदभद. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या पायावर हाताने खाली दाब द्या आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी हलताना दिसली तर पुढचं काही बघायची गरज नाही. मालक तयार असेल तर खालचा एखादा स्क्रू काढून बघा. त्याबरोबर तपकिरी, ओला भुसा बाहेर आला की उत्तर मिळालं. ट्रान्समची दुरुस्ती होते, पण ती इंजिन काढून, फायबर कापून, नवी फळी घालून करावी लागते. स्वस्त बोट तिथेच महाग होते.

मग आत उतरून तळावर चाला. पायाखाली मऊ लागणारी जागा म्हणजे खालच्या लाकडी पट्ट्या गेल्या. तळाच्या आत बोट तरंगती ठेवण्यासाठी फोम भरलेला असतो. तो एकदा पाण्याने भरला की वाळत नाही. बाहेरून ते कळत नाही, पण वजन लपत नाही. बोट टेम्पोवर चढवून महामार्गावरच्या कोणत्याही वजनकाट्यावर न्या, आधी रिकामा टेम्पो, मग बोटीसह. दहा-वीस किलो इकडेतिकडे धरू नका. पण बोट तिच्या कागदावरच्या वजनापेक्षा शंभर-दीडशे किलोने जास्त भरली, तर ते पाणी तुम्ही विकत घेताय. आपल्या भागात उसामुळे गावोगावी वजनकाटे आहेत, त्यांचा हाही एक उपयोग.

इंजिन

बघायला जाणार असल्याचं आधी कळवताना एक अट घाला: इंजिन थंड पाहिजे. तुम्ही पोहोचाल तेव्हा ते आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर थंडीत सुरू होताना ते काय नखरे करतं हे तुम्हाला कळू नये अशीच इच्छा आहे.

सुरू केल्यावर मागून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडायला हवी. ती थंड करणाऱ्या पाण्याची खूण. धार बारीक, तुटक किंवा वाफाळलेली असेल तर आतला रबरी इम्पेलर झिजला आहे किंवा मिठाने वाटा बुजल्या आहेत. इम्पेलर स्वस्त आहे, वाटा साफ करणं नाही. पाण्याशिवाय इंजिन कधीही सुरू करायला देऊ नका, "दोनच मिनिटं" म्हटलं तरी. तेवढ्यातच इम्पेलर जळतो.

पायातलं गिअर ऑइल खालचा स्क्रू सैल करून थोडं काढा. स्वच्छ आलं तर उत्तम. दुधासारखं पांढरट आलं तर आत पाणी शिरलं आहे. लोखंडी चमक किंवा कण असतील तर गिअर झिजले. पंखा काढायला सांगा आणि त्याच्या मागे दांड्यावर मासेमारीची नायलॉन तार गुंडाळलेली आहे का बघा. ही तार सील कापते, आणि मग त्याच वाटेने पाणी आत जातं. तलावातल्या बोटींचं हे नेहमीचं दुखणं आहे.

प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सोबत मिस्त्री न्या. आकडा इंजिनानुसार बदलतो, पण सिलिंडरांमध्ये आपसात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. सोलापुरातला मोटारसायकलचा चांगला मिस्त्री आणि त्याचा गेज एवढं या कामाला पुरतं. जाण्या-येण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी खुशीने द्या, या व्यवहारातले ते सर्वात उपयोगी पैसे आहेत. शेवटी इंजिनाच्या पायाची लांबी फळीच्या उंचीशी जुळते का बघा. १५ इंची आणि २० इंची असे दोन प्रकार सर्रास मिळतात, आणि कोणी तरी कुठलं तरी इंजिन कुठल्या तरी बोटीला लावलेलं असणं अगदी शक्य आहे. पंख्याच्या वरची सपाट पट्टी बोटीच्या बुडाच्या साधारण रेषेत यायला हवी.

पाण्यातली चाचणी

दोन माणसं बसवून मारलेली फेरी ही चाचणी नव्हे. जेवढी माणसं तुम्ही नेणार, तेवढी बसवा, किंवा तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा. किती माणसं, याचा एक ढोबळ हिशेब आहे: लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ ने भागा. १६ फूट लांब, ६ फूट रुंद बोट म्हणजे सहा जण. ओढायची बोट असेल तर त्यातली एक जागा रिकामी ठेवावी लागते, कारण मागे ट्यूबवर असलेला माणूस दमला की त्याला आत घ्यायचं असतं. एक चालक, आणि मागे तोंड करून सतत ओढल्या जाणाऱ्याकडे बघणारा एक माणूस, हेही त्या सहांतच आले. म्हणजे पाहुणे मोजकेच. धंद्याचं गणित मांडणाऱ्यांनी हा आकडा आधी लिहून घ्यावा.

थांबलेल्या बोटीला एकदम पूर्ण वेग द्या. नाक वर करून ती किती वेळ पाणी नांगरत राहते आणि कधी पाण्यावर सपाट होते ते मोजा. भरलेली बोट आठ-दहा सेकंदांत सपाट झाली तर ठीक. झालीच नाही तर ताकद कमी आहे, पंखा चुकीचा आहे किंवा फोम भिजलेला आहे. पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे कंपनीने दिलेल्या मर्यादेत येतात का बघा. फोर-स्ट्रोकला ही मर्यादा बहुधा ५,००० ते ६,००० च्या आसपास असते. किनाऱ्यावरच ती जेमतेम खालच्या टोकाला पोहोचत असेल, तर आपल्या उंचीवर ती नक्कीच खाली राहणार. पंख्याचा पिच एक इंचाने कमी केला तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, यावरून किती बदल लागेल ते काढता येतं.

स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. खाऱ्या हवेत त्याची केबल आतून गंजते आणि एका बाजूला जड होते. पुढे, मोकळा, मागे असे तीनही गिअर हळू वेगात टाकून बघा. किल स्विचची दोरी मनगटाला बांधून चालू इंजिनात ती ओढा. इंजिन तत्काळ बंद व्हायला हवं. चालक बोटीबाहेर फेकला गेला तर ती दोरीच बोट थांबवते, नाहीतर रिकामी बोट गोल फिरत पाण्यातल्या माणसांवरच येते.

चाचणी इतर बोटींपासून आणि पोहणाऱ्यांपासून लांब घ्या. हे सांगायला साधं वाटतं. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. त्या वेळी नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला होता. ज्यांचं ते रोजचं काम आहे त्यांच्या हातून असं होऊ शकतं.

कागद

मोटारीचं आरसी बुक सगळ्यांना कळतं, बोटीचं नाही. देशात १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आला. त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि विमा लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. विक्रेत्याकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे का, त्यावरचं नाव त्याचंच आहे का, बोटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इंजिनाच्या क्रमांकाची पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर कितीही स्वस्त असो, परत फिरा. इंजिनं आणि जेट स्की बहुतेक परदेशातून आलेली असतात, त्यामुळे मूळ बिल किंवा आयातीचे कागद मागणं रास्त आहे. बोटीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज नाही, हे विक्री करारात लिहून घ्या. गोव्यातली बोट असेल तर नोंदणी तिथली असते, ती इथे कशी वळवायची हे बयाणा देण्याआधी मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या.

स्वतःच्या हौसेची बोट आणि तिकीट लावून पर्यटक बसवायची बोट यांच्या अटी वेगळ्या आहेत. धंद्यासाठी प्रशिक्षित चालक, जीवरक्षक आणि प्रवाशांचा विमा हे सगळं आलं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालवते. गटातल्या किमान दोघांनी बोट घेण्याआधी तिथे जाऊन यावं. बोट कशी ओळखायची हेही त्यांना तिथेच कळेल.

बोटीच्या किमतीत न धरलेले पैसे

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्याच्या दोन वर्षं आधी, २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. दोन्ही घटना मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांतल्या आहेत. आपल्याकडे वळवाचा वारा दुपारनंतर अचानक येतो, आणि उघड्या जलाशयात त्याला अडवायला काही नसतं. दहा मिनिटांत सपाट पाण्याच्या लाटा होतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर छोटी बोट बाहेर काढूच नये, पश्चिमेला ढग काळे झाले तर त्याआधीही.

त्यामुळे हातातल्या रकमेतला पाचवा हिस्सा तरी बोटीवर खर्च न करता बाजूला ठेवा. बसणाऱ्या प्रत्येकासाठी मापाचं लाइफ जॅकेट, मुलांसाठी वेगळी लहान मापाची. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत करतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवत नाही. पोहता न येणाऱ्यांसाठी १०० न्यूटनचं किंवा त्याहून जास्त घ्या, आणि आपल्याकडे बसणारे बहुतेक पोहता न येणारेच असतात. जुन्या बोटीबरोबर फुकट मिळालेली, उन्हाने फिकी पडलेली जॅकेटं शेतात बुजगावण्याला घाला. अग्निशामक नळकांडं, दोन वल्ही, लांब दोरासह नांगर, पाणी उपसायचा पंप आणि पंप बंद पडला तर बादली. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. काठावर एक माणूस असा, ज्याला तुम्ही किती वाजता परत येणार हे माहीत आहे.

पेट्रोलचंही लक्षात घ्या. चाळीसचं फोर-स्ट्रोक पूर्ण वेगात ताशी १५ लिटरच्या आसपास पितं, टू-स्ट्रोक त्याहून जास्त. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि आउटबोर्ड कंपन्या बहुधा १० टक्क्यांपर्यंतच हमी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, महिनाभर पडून राहिलं तर टाकीत खाली वेगळा थर साचतो, आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच बोटीला भोवायचं, असा प्रकार. उपाय म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि त्या दिवसापुरतंच पेट्रोल आणा. उरलेलं मोटारसायकलमध्ये ओता.

धरण उतरलं आणि बोट चार-पाच महिने उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामं करा, गिअर ऑइल बदला, बॅटरी काढून घरात ठेवा. बोट नाक थोडं वर ठेवून घोडीवर उभी करा आणि तळाचा बूच काढून ठेवा, म्हणजे पहिल्या वळवाचं पाणी आत साचणार नाही. तो बूच स्टेअरिंगला दोरीने बांधा. पावसाळ्यानंतर बोट उतरवताना तो लावायचा राहून गेला, तर ती काठावरच बुडते.